उरलेली अर्धी पोळी

परवा ऑफिसात एक मित्र कॉफीचा कप घेऊन माझ्या डेस्कपाशी आला. त्याच्या वडिलांचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन ठरलंय. माझ्या आईचं झालंय हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. त्याचे सगळे प्रश्न ऑपरेशनबद्दलचे होते. किती तास लागले, किती दिवस अ‍ॅडमिट, खर्च किती, क्लेम पास झाला का, फार दुखतं का. मी इमानदारीत सगळी उत्तरं दिली. मग मी त्याला एकच प्रश्न विचारला.

"घरी स्वयंपाक कोण करतं?"

"आई. का रे?"

"मग डाएटिशियनकडे जाताना आईला घेऊन जा. प्रत्येक वेळी."

तो हसला. "अरे ऑपरेशन बाबांचं आहे!"

माझ्या मते गाडी तिथेच घसरते. त्याला जे पाच मिनिटांत नीट सांगता आलं नाही, ते आज शनिवारी निवांत लिहितोय. त्यालाही लिंक पाठवणार आहे. (वाच रे बाबा.) खरं तर त्याची केस सोपी आहे. आमच्याकडे ऑपरेशन स्वयंपाक करणारीचंच झालं होतं.

आधी थोडी माहिती. आईचं ऑपरेशन १२ जुलै २०२४ ला झालं. तेव्हा तिचं वय ५४, उंची १५७ सेंटिमीटर, वजन १०४ किलो. म्हणजे बीएमआय ४२. अकरा वर्षांचा डायबेटिस, रात्री इन्सुलिन, झोपेत श्वास अडकायचा, गुडघे कामातून गेलेले. सर्जननी स्लीव्ह सुचवलं. यात जठराचा बाहेरच्या बाजूचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. कापलेल्या रेषेवर स्टेपलर मारलेला असतो, अक्षरशः बारीक बारीक पिना. जो भाग काढतात त्यातच भूक लागल्याचा निरोप मेंदूला पाठवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः तयार होतं. त्यामुळे पोट तर लहान होतंच, पण भूकही कित्येक महिने जवळजवळ गायब होते.

आता ती स्टेपल केलेली रेषा भरून येईपर्यंत आणि आतली सूज उतरेपर्यंत घन अन्न देता येत नाही. म्हणून टप्पे. पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखं पातळ, मग साधारण दोन आठवडे सगळे पातळ पदार्थ, मग चौथ्या आठवड्यापर्यंत मिक्सरमधून काढलेलं, मग सहा ते आठ आठवड्यांपर्यंत मऊ, आणि त्यानंतर हळूहळू नेहमीचं. प्रत्येक हॉस्पिटलचं कॅलेंडर थोडं वेगळं असतं, बायपास केलं असेल तर काही नियम वेगळे असतात, तेव्हा माझ्या आकड्यांवर जाऊ नका, तुमचे डॉक्टर सांगतील ते खरं. पण आराखडा हा असा.

पातळ अन्नाचे दोन आठवडे लोकांना सगळ्यात कठीण वाटतात. आम्हालाही तसंच वाटलं होतं, पण ते सगळ्यात सोपे निघाले. ऑपरेशननंतर पाचव्याच दिवशी, १७ जुलैला, आषाढी एकादशी होती. आई म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा खरी एकादशी घडली, एरवी आपण दुप्पट खातो. भूक नव्हती. नियम सरळ होता, घोट घोट पीत राहा. घरातले सगळे हळवे झालेले होते. आत्या रोज फोन करायची. मीही रजा टाकून घरी होतो, दर अर्ध्या तासाला आईच्या हातात पेला द्यायचो आणि एक्सेल शीटमध्ये मिलिलिटर भरायचो. (हो, एक्सेल शीट. कंडिशनल फॉरमॅटिंगसकट. आईने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिची नोंद स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनांत चालायची, पेन्सिलने.)

घोळ सुरू होतो घन अन्न परत यायला लागतं तेव्हा. कारण पातळ पदार्थ हे औषधासारखे असतात, पेशंटचे असतात. घन अन्न म्हणजे घरातला स्वयंपाक. तो सगळ्यांचा असतो.

हॉस्पिटलने दिलेला चार्ट छापील होता, गुळगुळीत कागदावर. त्यात होतं: अ‍ॅपल सॉस, ओटमील, कॉटेज चीज, मॅश्ड पोटॅटो, ट्यूना. कुठून उचललाय हे सांगायची गरज नाही. 'मऊ' म्हणजे किती मऊ, तर काट्याने दाबल्यावर चेचलं जाईल इतकं. आमच्या घरात काटे आहेत, पण ते फक्त पाहुण्यांना कलिंगडाच्या फोडी देताना निघतात. आईने तो चार्ट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "म्हणजे दोन बोटांत चिमटलं की मोडलं पाहिजे." हे एका वाक्यातलं भाषांतर त्या चार्टवर छापायला हवं होतं. बाकीचंही तिनेच केलं. अ‍ॅपल सॉसच्या जागी वाफवलेला दुधी आणि भोपळा मिक्सरमधून. ओटमीलच्या जागी नाचणीची पातळ आंबील. आणि मुख्य म्हणजे मुगाचं कढण.

इथे आपल्याकडच्या एका लाडक्या समजुतीबद्दल बोलायलाच पाहिजे. आजारी माणसाला 'डाळीचं पाणी' द्या, ताकद येते. आमच्याकडे भेटायला आलेल्या प्रत्येक बाईने हे सांगितलं. अहो, प्रोटीन डाळीत असतं, आणि डाळ खाली बसते! वरचं पाणी म्हणजे हळद, मीठ आणि आशीर्वाद. या ऑपरेशननंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं आणि एका वेळी पोटात जातं जेमतेम अर्धी वाटी. त्या अर्ध्या वाटीत पाणी भरून चालत नाही. कढण दाट करायचं, अख्ख्या शिजलेल्या मुगासकट घोटायचं आणि गाळायचं ते फक्त सालं काढण्यापुरतं. मी ते रविवारी एकदम करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचो. एका वेळी तीन-चार क्यूब काढायचे. माझ्या पूर्ण इंजिनिअरिंग करिअरमधलं सगळ्यात उपयोगी डिप्लॉयमेंट ते.

मग आला श्रावण. ५ ऑगस्टला, आणि तोही सोमवारी. आमच्याकडे एरवी अंडं चालतं, पण श्रावणात नाही. आणि मऊ अन्नाच्या टप्प्यात जगातला कुठलाही डाएटिशियन पहिलं नाव घेतो ते अंड्याचं. मऊ, स्वस्त, एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन. मी आईशी वाद घातला. विज्ञान, देव, शरीर वगैरे सगळं काढलं. ती म्हणाली, "तू मला सोमवारचा उपास सोडायला लावलास, तो मी सोडला. साबुदाण्यात काही नाही म्हणालास, तेही ऐकलं. आता अंडं नाही." मी गप्प बसलो आणि बेरीज केली. दूध २०० मिली, ६ ग्रॅम. त्यात व्हे प्रोटीनचा एक चमचा (तो डब्यातला मोठा) दोन वेळेत विभागून, २४ ग्रॅम. पनीर ५० ग्रॅम, ९. चक्का, अंदाजे ४. दाट मूग, ७. सोयाबीनचा चुरा १५ ग्रॅम, भिजवून वाटून शिजवलेला, ८. झाले ५८. साठचं टार्गेट होतं. म्हटलं जाऊ दे, दोन ग्रॅमसाठी शंकराला मध्ये आणायला नको.

सांगायचा मुद्दा हा की ही बेरीज जमते. शाकाहारात, आपल्या किराणा दुकानात, आपल्या सणावारांत जमते. पण ती कुणीतरी बसून करावी लागते, आणि 'लो फॅट, हाय प्रोटीन डाएट घ्यावा' एवढं लिहून डिस्चार्ज दिला की ती होत नाही.

आता पोळीकडे येतो.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा. सहावा आठवडा चालू होता. मामा-मामी आणि त्यांची दोन मुलं जेवायला आली. आईने आग्रहाने बोलावलं होतं. दीड महिन्यात पहिल्यांदा तिला बरं वाटत होतं. इन्सुलिन सुटलं होतं, वजन ९१ वर आलं होतं. तिने स्वतः नारळीभात केला, बटाट्याची भाजी, वरण, पोळ्या. मी म्हटलं मी करतो, तर म्हणाली तू पोळ्या करशील तर मामाला खाकरे वाटतील. स्वतःसाठी तिने वेगळं काढून ठेवलं होतं, पनीर आणि घोटलेलं वरण. ती डाएटच्या बाबतीत माझ्यापेक्षा कडक होती हे लक्षात घ्या.

सगळे जेवले. तिने वाढलं. मामीने "ताई, तुम्ही बसा ना" असं तीनदा म्हटलं आणि तिने "बसते गं" असं तीनदा म्हटलं. ताटं उचलली गेली. आम्ही हॉलमध्ये गप्पा मारत होतो. आई ओट्यापाशी आवरत होती. मामाच्या धाकट्याने अर्धी पोळी तशीच टाकली होती. तिने ती उचलली, कढईतल्या भाजीच्या रश्शाला पुसली आणि उभ्या उभ्या खाल्ली. तीन-चार घास असतील. मिनिटभराचं काम.

मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा ती बेसिनवर ओणवी झालेली होती. छातीच्या मध्यभागी हात दाबून धरलेला, तोंडातून फेसाळ लाळ येतेय, बोलता येत नाहीये, घामाने चेहरा डबडबलेला. मला वाटलं हार्ट अ‍ॅटॅक. खरंच वाटलं. बाबा धावत आले आणि त्यांनी पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावला. एक घोट आत गेला आणि लगेच परत आला, आणि तिला आणखी दुखायला लागलं.

मी डाएटिशियन मॅडमना फोन लावला. सणाचा दिवस असूनही त्यांनी उचलला, त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत. त्यांचा पहिला प्रश्न: "पोळी का?" पाणी अजिबात देऊ नका, अडकलेल्या घासावर पाणी ओतलं की ते वरच साचतं. उभं राहू दे, हळू हळू चालू दे. बहुतेक वेळा खाली उतरतं किंवा वर येतं. थुंकीसुद्धा गिळता येईना किंवा दुखणं थांबलंच नाही, तर सरळ कॅज्युअल्टीत या. पन्नास मिनिटं आई पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होती. हॉलमध्ये मामा, मामी, मुलं चिडीचूप. मग ते वर आलं. दुसऱ्या दिवशी परत पातळ अन्न, सूज उतरेपर्यंत.

पोळीच का, तर गहू चिकट असतो. चावताना नीट लगदा झाला नाही तर तो पिठाच्या गोळ्यासारखा त्या अरुंद नळीत बसतो. ब्रेडचंही तेच. मोकळा भातही काहींना असाच बसतो, आसट वरणभात चालतो. उलट ज्वारीच्या भाकरीत तो चिवटपणा नसतो, ती आमटीत कुस्करली की विरघळते. म्हणून आमच्याकडे भाकरी आधी आली आणि पोळी कितीतरी नंतर. ही झाली पदार्थाची गोष्ट.

पण त्या संध्याकाळी घरात जी चर्चा झाली ती ऐकण्यासारखी होती. मामा म्हणाला, "ताई, जरा तोंडावर ताबा ठेव गं." बाबा म्हणाले, "एवढे पैसे घातले, एवढं सहन केलंस, आणि एका पोळीसाठी..." आई मान खाली घालून ऐकत होती. तिला स्वतःलाही तेच वाटत होतं, की आपण हावरटपणा केला.

हावरटपणा! ज्या बाईला भूकच लागत नव्हती, जी मला म्हणायची की जेवायची वेळ झाली हे आता घड्याळ सांगतं, पोट नाही, ती बाई अर्धी उष्टी पोळी हावरेपणाने खाईल? तिने ती खाल्ली कारण गेली तीस वर्षं ती तेच करत आलीये. उरलेलं टाकवत नाही. पुढच्या बर्नरवर चहाचं आधण आहे. पाहुणे बाहेर बसलेत, म्हणून पटकन. उभ्याने, कारण बसलं की कुणीतरी हाक मारतं.

आता डाएटिशियनने दिलेले नियम बघा. छोटा घास. प्रत्येक घास वीस-तीस वेळा चावायचा. एक जेवण वीस ते तीस मिनिटं. आधी प्रोटीन, मग भाजी, मग जागा उरली तर भाकरी-भात. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. एका वेळी एकच नवा पदार्थ, म्हणजे बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं. (आम्ही प्रॉडक्शनवर हे पाळत नाही म्हणून शुक्रवारी रात्री जागतो, ते सोडा.) पोट भरल्याची पहिली खूण आली की थांबायचं, ताटात काहीही उरलेलं असो.

आणि आता आपल्या घरातल्या बाईचं जेवण बघा. सगळ्यात शेवटी. सात मिनिटांत. जे उरेल ते, म्हणजे भाजी संपलेली असते, वरणाचा तळ असतो आणि पोळ्या दोन जास्त झालेल्या असतात. ताटात काहीही टाकायचं नाही, उलट दुसऱ्यांनी टाकलेलं आपल्या ताटात घ्यायचं. मला तर वाटतं हे नियम कुणीतरी आपल्या स्वयंपाकघराकडे बघून, एकेक ओळ उलटी करून लिहिलेत. 'आधी प्रोटीन' हा नियम जी शेवटी जेवते तिला कसा पाळता येणार? तोपर्यंत पनीर संपलेलं असतं.

म्हणून माझं मत असं झालंय, आणि ते बऱ्यापैकी ठाम आहे, की या ऑपरेशननंतरचं घन अन्न हा पेशंटचा एकट्याचा विषयच नाही. घरात कोण आधी जेवतं, कोण वाढतं, कोण उरलेलं संपवतं, हा त्या डाएट चार्टचा पहिला कॉलम असायला हवा. काउन्सेलिंगला पेशंटबरोबर घरातला आणखी एक माणूस असल्याशिवाय ऑपरेशनची तारीखच देऊ नये. पेशंट बाई असेल तर तो माणूस म्हणजे नवरा किंवा मुलगा हवा, सासू किंवा जाऊ नको. पेशंट पुरुष असेल तर स्वयंपाक करणारी तिथे हवीच, पण फक्त याद्या लिहून घ्यायला नाही. तिला हे कुणीतरी सांगायला हवं की ताटात उरलं तर तो तुझ्या स्वयंपाकाचा अपमान नाही. आमच्याकडे ऑपरेशनपूर्वी तीन वेळा काउन्सेलिंग झालं. तिन्ही वेळा मी आणि बाबा बाहेर खुर्च्यांवर बसून मोबाईल बघत होतो. आम्हाला कुणी आत बोलावलं नाही, आणि आम्हीही दार वाजवलं नाही. दोन्ही चुकलंच.

यावर कुणी म्हणेल, हे जुन्या घरातलं झालं, आमच्याकडे सगळे एकत्र जेवतात. असेल. पण येत्या रविवारी एकदा नीट बघा. गरम पोळी तव्यावरून ताटात येत असेल तर तव्यापाशी कुणीतरी उभं आहे. मी सव्वीस वर्षांचा होईपर्यंत माझी आई रात्री किती वाजता जेवते हे मला माहीत नव्हतं. मला आमच्या सगळ्या सर्व्हर्सचा अपटाइम माहीत होता.

दुसरा आक्षेप माझ्या वयाच्या मंडळींचा: "अरे पण हा शॉर्टकटच ना शेवटी? जिम, डाएट, विलपॉवर..." हे मी पॅन्ट्रीत किमान चार जणांकडून ऐकलंय. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन सर्जन संघटनांनी मिळून नवीन मार्गदर्शक तत्त्वं काढली. बीएमआय ३५ च्या वर असेल तर इतर आजार असोत-नसोत हे ऑपरेशन सुचवावं, आणि आपल्या आशियाई लोकांना तर २७.५ पासूनच हा पर्याय द्यावा असं त्यात आहे, कारण आपल्याला कमी वजनातच डायबेटिस गाठतो. शिवाय २०२५ पासून मौंजारो आणि वेगोव्हीची इंजेक्शनंही भारतात मिळायला लागलीत आणि तिथेही भूक अचानक जाते, खाणं कमी होतं, प्रोटीन मागे पडतं. म्हणजे अर्धं ताट खाऊन थांबणारी माणसं आपल्या घरांत वाढत जाणार आहेत. त्यांना शॉर्टकटवाले म्हणून तुम्ही काय साधणार? शॉर्टकट घेतलेल्या माणसाला जन्मभर रोज मल्टिव्हिटामिन, बी-१२, आयर्न, कॅल्शियम घ्यावं लागत नाही, आणि आयर्न-कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवायला मोबाईलवर अलार्म लावावे लागत नाहीत.

इन्शुरन्सबद्दल एक ओळ, कारण मित्राने विचारलं होतं. विमा नियामकाने २०१९ मध्ये घातलेल्या अटींप्रमाणे बीएमआय ४० किंवा ३५ अधिक गंभीर आजार असेल तर हे ऑपरेशन पॉलिसीत बसू शकतं. आईचं बसलं. पण नंतरच्या डाएटिशियनच्या फेऱ्या, गोळ्या, व्हेचे डबे, यातलं आम्हाला काही मिळालं नाही. कापायचे पैसे आहेत, खायला शिकवायचे नाहीत.

तर, त्या पौर्णिमेनंतर काय केलं? मी सभा घेतली. (मॅनेजर लोकांच्या संगतीचा परिणाम.) बाबांना आधी पटलं नाही. म्हणाले, "तिने खाऊ नये एवढंच ना? मग आपण काय करायचं?" मी म्हटलं, ती आधी जेवेल. आपण तिच्या नंतर. ती जेवताना एक जण समोर बसेल, आणि ओट्यावरचं आपण आवरायचं, तिने नाही. आईचा विरोध बाबांपेक्षा जास्त होता. "तुम्ही उपाशी बसणार आणि मी गिळणार? मला घास उतरायचा नाही." हे तिने सहज म्हटलं, आणि मग आम्ही तिघंही हसलो, कारण घास न उतरण्याचा अर्थ आमच्याकडे आता बदलला होता.

पहिले दोन आठवडे अवघड गेले. ती बसायची आणि अर्ध्यात उठायची, कुकर बघायला. बाबा समोर बसून सात मिनिटांत मोकळे व्हायचे आणि मग तिच्या ताटाकडे बघत राहायचे, त्याने तिची घाई व्हायची. शेवटी मॅडमनीच सुचवलं की बाबांनीही तिच्याच चमच्याने जेवावं, लोणच्याच्या बरणीतल्या छोट्या चमच्याने. चाळीस वर्षं शिफ्टला पळत जेवलेला माणूस पंचवीस मिनिटं वरणभात खात बसला. त्यांचीही अ‍ॅसिडिटी कमी झाली, पण ते हे मान्य करणार नाहीत.

७ सप्टेंबरला गणपती. कागदावर बरोबर आठ आठवडे झालेले, म्हणजे नेहमीच्या जेवणाचा टप्पा सुरू. आई एकवीस मोदक करणार हे ठरलेलंच होतं. मी भांडलो नाही. पण घरात येणारा प्रत्येक जण "प्रसादाला नाही म्हणू नये" हे म्हणणार हेही ठरलेलंच होतं. गूळ-खोबऱ्याचं सारण एकदम आत गेलं की काहींना छाती धडधडते, घाम येतो, पोटात कळ येते. स्लीव्हमध्ये हे बायपासपेक्षा कमी होतं, पण होतं. आईने यावर तोडगा आधीच काढून ठेवला होता. एकविसात एक मोदक तिने हरभऱ्याएवढा केला होता, सगळ्या कळ्या पाडून. आरती झाल्यावर तो घेतला, बसून, चावून चावून खाल्ला. आत्या म्हणाली, "वहिनी, हा काय मोदक?" तर बाबा म्हणाले, "तिचा तेवढाच असतो." आणि आत्यालाच आणखी दोन वाढले.

त्याला आता वर्ष उलटून गेलंय. पहिल्या वर्षाअखेर वजन ७८ वर आलं होतं, शुगर गोळ्यांवर भागतेय, रात्री श्वास अडकत नाही. सगळं गोड नाहीये. नोव्हेंबरमध्ये केस इतके गळले की ती आरशासमोर जायची नाही. ते परत आले, पण तीन-चार महिने वाईट गेले. लग्नात जेवायला बसली की शेजारची बाई ताटाकडे बघते आणि विचारते, "बरं नाही का?" स्वयंपाक करताना चव घेता येत नव्हती तेव्हा आमटी खारट व्हायची, आणि ती रडली होती एकदा, पडल्याबद्दल किंवा दुखल्याबद्दल नाही, आमटी खारट झाल्याबद्दल. पुरणपोळी तिला अजून बसत नाही. ती करते, आम्हाला वाढते आणि पाव पोळी घेऊन पाऊण तास बसते.

पहिली साधी पोळी तिने डिसेंबरात खाल्ली. कालनिर्णयच्या त्या चौकोनात पेन्सिलने लिहिलंय: 'पाव पोळी. ताजी. बसून.'

बारा वाजत आलेत. साडेबाराला तिची जेवायची वेळ, आणि आज भाजी माझ्याकडे आहे. दोडका आणलाय, शिरा नीट काढायला हव्यात, नाहीतर दोरे लागतात तिला. उठतो.